गाडीखाली जीपीएसची डबी सापडली, पोलिसांना असं लावता येते का?

प्रश्न वर्धा नदीकाठच्या एका गावातल्या पोराचा आहे. मोठ्या भावाचा टिप्पर आहे, त्याच्यावर रेतीचोरीचा गुन्हा लागला होता, जामीन झाला, गाडी सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट म्हणेल तेव्हा हजर करायच्या बाँडवर, सुटली. परवा वॉशिंग सेंटरवर गाडी धुताना चेसिसच्या आतल्या बाजूनं चुंबकानं चिकटलेली काळी डबी सापडली, आत सिम आहे असं धुणाऱ्या पोरानं सांगितलं. आणि बीट जमादार भावाला म्हणते की रोज रात्री आठ वाजता व्हॉट्सअपवर लाईव्ह लोकेशन टाकत जा, नाही टाकलं तर जामीन रद्द करायला लावतो. पोलिसांना हे करता येते का, डबी काढून नदीत फेकली तर चालते का, आणि लोकेशन पाठवणं भाग आहे का, असं विचारलं आहे.

मी तालुका कोर्टात बावीस वर्षं झाली फौजदारी कामं करून राहिलो, त्या अनुभवावरून सांगतो.

भाऊ, पहिले तर डबी फेकू नका. उघडू नका, सिम काढू नका, पोराच्या हाती खेळायला देऊ नका. ती डबी आता तुमच्या भावाचा पुरावा आहे. ती जिथं चिकटली आहे तिथंच असताना मोबाईलवर व्हिडिओ काढा, व्हिडिओत गाडीचा नंबर दिसला पाहिजे, आजूबाजूला दोन माणसं उभी पाहिजेत, नात्यातली नकोत, आणि तारीख वेळ तोंडानं बोला. डबीवर बारीक अक्षरात पंधरा आकडी आयएमईआय नंबर छापलेला असते, त्याचा जवळून फोटो घ्या. तो नंबर आणि आतल्या सिमचा नंबर, या दोन गोष्टींवरून डबी कोणाची आहे ते निघते, आणि सिम फेकलं की ती वाटच बंद होते. दुसरं म्हणजे डबी खरंच पोलिसांची निघाली आणि तुम्ही ती नष्ट केली तर उलट तुमच्यावरच पुरावा नाहीसा केल्याचा आरोप ठेवायला त्यांना जागा होते, भारतीय न्याय संहितेचं कलम २३८ त्यासाठीच आहे, जुन्या दंड संहितेचं २०१. तो आरोप टिकेल का हा पुढचा प्रश्न, पण टिकेपर्यंत तारखा तुम्हालाच कराव्या लागतील.

आता डबी पोलिसांचीच आहे हे तुम्ही धरूनच चाललात, तसं धरू नका. माझ्याकडे अशा डब्या घेऊन लोक आले आहेत आणि त्यातल्या काही फायनान्सवाल्याच्या निघाल्या, कर्जाच्या कागदात बारीक अक्षरात ती अट असते आणि सही आपणच केलेली असते. एक तर भागीदारानं लावली होती. आणि रेतीच्या गाडीचं वेगळं आहे, आपल्या राज्यात गौणखनिज वाहतुकीच्या गाडीला जीपीएस सक्तीचंच आहे, ते सरकारच्या महाखनिज या ऑनलाईन सिस्टीमला जोडलेलं असते, पण ते मालकाला माहीत असते, वायरिंग करून बसवलेलं असते, त्याची पावती असते. चुंबकानं गुपचूप चिकटवलेली बॅटरीवरची डबी म्हणजे ते नव्हे. तेव्हा घरी बसून आधी फायनान्सचा करार आणि जीपीएसची पावती काढून पाहा.

समजा डबी पोलिसांनीच लावली. तर त्यांना तसा अधिकार आहे का? कायद्याची पुस्तकं उघडली तर पोलिसांनी कोणाच्या गाडीला गुपचूप जीपीएस लावायचा, त्याला कोणाची परवानगी लागते, किती दिवस ठेवता येते, हे सांगणारं एकही कलम आपल्याकडं नाही. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसी, म्हणजे जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता, जाऊन नागरिक सुरक्षा संहिता आली, तेव्हा तरी हे येईल असं मला वाटलं होतं, नाही आलं. कलम ९४ आहे, त्याखाली ठाणेदार लेखी हुकूम देऊन कागद किंवा इलेक्ट्रॉनिक माहिती मागवू शकते. कलम १८५ आहे, त्यात तातडीची झडती, तीही कारणं लिहून. कलम १०५ नं झडती जप्तीचं व्हिडिओ शूटिंग आता सक्तीचं केलं आहे. पण ही सगळी कलमं आधीपासून जी वस्तू आहे, जी माहिती आहे, ती हाती घेण्याची आहेत. गाडीखाली यंत्र चिकटवून माणूस पुढचे दोन महिने कुठं जाते, कोणाच्या दारात थांबते, कोणत्या दवाखान्यात जाते ते पाहत बसणं यातल्या कोणत्याच कलमात बसत नाही.

फोन ऐकायचा असेल तर नियम आहेत. १९९६ साली पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं फोन टॅपिंगवर बंधनं घातली, आता टेलिकॉम कायदा २०२३ चं कलम २०(२) आणि डिसेंबर २०२४ चे नियम आहेत, राज्याच्या गृहसचिवाचा हुकूम लागते, हुकूम ६० दिवसांचा, वाढवून जास्तीत जास्त १८० दिवस, वर आढावा समिती. मोक्कात, म्हणजे संघटित गुन्हेगारीच्या कायद्यात, वेगळी तरतूद आहे. पण हे सगळं बोलण्याबद्दल, संदेशाबद्दल आहे. गाडीच्या चाकाबद्दल नाही.

मग पोलिसवाले काय म्हणतात, की महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ६४ खाली गुन्ह्याची खबर काढणं हे आमचं कर्तव्यच आहे. कर्तव्य आहे, कोण नाही म्हणते. पण कर्तव्य सांगणारं कलम वेगळं आणि कोणाच्या खाजगी आयुष्यात हात घालायचा अधिकार देणारं कलम वेगळं, आणि हे मी माझ्या मनानं सांगून नाही राहिलो. २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टास्वामी केसमध्ये नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खाजगीपणा हा घटनेच्या कलम २१ खालचा मूलभूत हक्क आहे, आणि सरकारला त्यात शिरायचं असेल तर आधी कायदा पाहिजे, मग हेतू योग्य पाहिजे, मग जेवढं गरजेचं तेवढंच पाहिजे. पहिल्याच पायरीला डबी अडकते, कारण कायदाच नाही. तरी एक गोष्ट सांगून ठेवतो, गाडीला लपवलेल्या जीपीएसवर आपल्या सुप्रीम कोर्टाचा थेट निकाल मी तुम्हाला काढून दाखवू शकत नाही, हे जे सांगतो ते पुट्टास्वामीवरून काढलेलं आहे आणि समोरचा सरकारी वकील त्यावर भांडेल.

आपल्या म्हाताऱ्या लोकांना निगराणी बदमाश ही भानगड माहीत असते, रात्री दोन वाजता शिपाई येऊन दार वाजवायचा, आहे का रे घरात म्हणून. १९६२ साली खरक सिंगच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं ते रात्रीचं दार वाजवणं बंद केलं, पण बहुमतानं म्हटलं की माणसाच्या येण्याजाण्यावर नजर ठेवण्यात काही हक्कभंग नाही. तेव्हा न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळं मत लिहिलं होतं, की ज्याच्या मागं सतत नजर आहे तो माणूस मोकळा फिरतो असं म्हणताच येत नाही. पंचावन्न वर्षांनी पुट्टास्वामीत नऊच्या बेंचनं खरक सिंगमधला खाजगीपणा नाकारणारा भाग रद्द केला. मी हे मुद्दाम सांगून राहिलो कारण ठाण्यात अजूनही तुम्हाला ऐकायला मिळेल की रस्त्यावरच्या गाडीत कसली आली प्रायव्हसी. त्या वाक्याची मुदत २०१७ लाच संपली आहे.

अमेरिकेत हाच प्रश्न अगदी तुमच्यासारखाच कोर्टात गेला होता. वॉशिंग्टनच्या पोलिसांनी एका संशयिताच्या बायकोच्या नावच्या जीपखाली जीपीएस लावला, वॉरंट होतं पण ते दहा दिवसात लावायचं आणि वॉशिंग्टनमध्येच लावायचं होतं, यांनी लावला अकराव्या दिवशी आणि तोही शेजारच्या मेरीलँड राज्यात. मग २८ दिवस पाठलाग केला, दोन हजाराच्या वर पानांचा डेटा निघाला. २३ जानेवारी २०१२ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं एकमतानं सांगितलं की ही झडतीच आहे. तिकडं आता नियमच आहे, वॉरंट मिळाल्यापासून दहा दिवसात यंत्र लावायचं, एका वेळी ४५ दिवसांच्या वर वापरायचं नाही, आणि झाल्यावर त्या माणसाला कळवायचं. तुमच्या फेकण्याच्या प्रश्नावरही तिकडचा निकाल आहे, इंडियाना राज्याच्या सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये म्हटलं की स्वतःच्या गाडीवरची, कोणाचंही नाव नसलेली डबी काढली एवढ्यावरून चोरी झाली असं धरता येत नाही. पण हे निकाल आपल्या कोर्टाला बांधील नाहीत, वाचून दाखवता येतात एवढंच, त्याच्या भरवशावर डबी फेकायची नाही.

आता जे सांगतो ते नीट वाचा, कारण इथंच लोकांची फसगत होते. मोबाईलवर कुठलं तरी पाहून लोक येतात आणि म्हणतात, साहेब, पोलिसांनी बेकायदेशीर केलं ना, मग केस उडाली. नाही उडत. अमेरिकेत बेकायदेशीर मार्गानं मिळालेला पुरावा बऱ्याचदा बाहेर काढतात, आपल्याकडं तसा सरसकट नियम नाही. १९७२ चा मलकाणीचा निकाल आहे, आपल्याच राज्यातला, मुंबईच्या कोरोनरचा, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचा, त्याच्या फोनवरच्या बोलण्याची टेप कोर्टानं पुरावा म्हणून घेतली, आणि पुरावा कसा मिळाला यापेक्षा तो कामाचा आणि खरा आहे का हे पाहण्याची आपल्याकडची पद्धत तिथून पक्की झाली. त्याच्या उलट बाजूला ऑक्टोबर २०१९ चा मुंबई हायकोर्टाचा विनीत कुमारचा निकाल आहे, त्यात टॅपिंगचे हुकूम कायद्यात बसत नव्हते म्हणून कोर्टानं हुकूम रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला लावलं, पुट्टास्वामीचा आधार घेऊन. आपण नागपूर खंडपीठाच्या हद्दीत आहो, म्हणजे तो निकाल आपल्या घरचा आहे आणि आपल्या तालुका कोर्टात तो वजनानं वाचता येते. पण तुमचं भांडण नुसतं बेकायदेशीर आहे एवढ्यावर सोडू नका.

दुसरी जागा पाहा, सर्टिफिकेटची. जीपीएसचा नकाशा, रूटचा प्रिंट, हा इलेक्ट्रॉनिक पुरावा आहे, आणि त्याला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागते, जुनं ६५बी. हे लागतेच, हे २०२० साली आपल्या जालन्याच्या निवडणुकीच्या केसमध्ये, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, सुप्रीम कोर्टानं पक्कं करून टाकलं. नव्या कायद्यात तर त्याचे दोन भाग आहेत, एक पुरावा देणाऱ्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं, आणि हॅश व्हॅल्यू लिहायची असते, म्हणजे फाईलचा अंगठाच समजा, फाईलमध्ये एक अक्षर बदललं तरी तो अंगठा बदलते. आता विचार करा, गुपचूप, कागदावर न घेता लावलेल्या डबीचं सर्टिफिकेट कोण सही करून देईल? सही केली की प्रश्न येते, ही डबी कोणी लावली, कोणत्या तारखेला, कोणाच्या हुकमानं. म्हणून अशी डबी चार्जशीटमध्ये बहुतेक दिसतच नाही. चार्जशीटमध्ये लिहिलेलं असते, गोपनीय बातमीदाराकडून खबर मिळाली. मी अशा पंचनाम्यांवर उलटतपास घेतला आहे, पहाटे साडेतीनला नदीच्या आडरस्त्यावर पथक नेमकं आधीच जाऊन उभं असते, आणि प्रत्येक वेळी तोच बातमीदार. तुमच्याजवळ डबीचा तारखेसह व्हिडिओ असला तर हे विचारायला मला जागा मिळते, नसला तर माझे हात बांधलेले.

टॉवर लोकेशनचं पण सांगून देतो, कारण भावाच्या केसमध्ये तेही येईल. सीडीआर, म्हणजे मोबाईलच्या कॉलचा रेकॉर्ड, मागवायला एसपी दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फत पत्र जावं लागते, ठाण्यातल्या कोणी ओळखीनं मागवला असं होत नाही, तेव्हा ते पत्र चार्जशीटसोबत आहे का ते आधी पाहायचं. आणि टॉवर लोकेशन म्हणजे माणूस तिथं उभा होता असं नव्हे. मागं एक केस मी चालवली, सोयाबीनच्या पोत्यांच्या चोरीची, पोलिसांचा सगळा भर यावर की आरोपीचा मोबाईल त्या रात्री गोडाऊनजवळच्या टॉवरवर होता. मी कंपनीच्या नोडल ऑफिसरला विचारलं, हा टॉवर किती गावं धरते, तो म्हणाला चार. मग सेल आयडीवरून टॉवरची ती बाजू कोणत्या दिशेला तोंड करून आहे ते त्याच्याकडूनच काढून घेतलं, आणि आरोपीचा सातबारा दाखवला, त्याचं वावर त्याच बाजूला, गोडाऊनपासून तीन किलोमीटर, आणि रात्रीची थ्री फेजची पाळी असल्यानं तो ओलित करायला गेला होता. सुटला. शहरात टॉवर दाट असतात, आपल्याकडं एका टॉवरवर अर्धा शिवार येते, हे न्यायाधीशासमोर नकाशा ठेवून दाखवावं लागते. कंपन्यांना सीडीआर दोन वर्षं ठेवावा लागते, त्यामुळं भाऊ त्या रात्री दुसरीकडं होता असं तुमचं म्हणणं असेल तर तो डेटा जपून ठेवायला लावणारा अर्ज लवकर टाकायचा, दोन वर्षं कोर्टात कधी निघून जातात कळत नाही.

आता जमादाराचं लाईव्ह लोकेशन. यात मात्र मी तुम्हाला सरळ सांगू शकतो, कारण सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. ८ जुलै २०२४, फ्रँक व्हायटस विरुद्ध नार्कोटिक्स ब्युरो, न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान. त्या केसमध्ये जामीन देताना हायकोर्टानंच अट घातली होती की आरोपीनं गुगल मॅपवर पिन टाकून ठेवायची. सुप्रीम कोर्टानं ती अट काढून टाकली, म्हटलं की जामिनावर सुटलेल्या माणसाच्या प्रत्येक हालचालीवर पोलिसांना सतत नजर ठेवता येईल अशी अट म्हणजे कलम २१ चा भंग. अफूगांजाच्या कायद्याखालचा आरोपी होता तो, परदेशी माणूस, त्याला हे संरक्षण आहे तर रेतीच्या केसमधल्या तुमच्या भावाला काहून नसेल? आणि इथं तर कोर्टानं अटच घातलेली नाही. जामिनाच्या हुकमाची नक्कल काढा, त्यात काय लिहिलं आहे ते वाचा. समजा लिहिलं आहे की दर रविवारी दहा ते बारा ठाण्यात हजेरी, तर रविवारी दहाच्या आधी जाऊन बसायचं, सही करायची, सहीच्या पानाचा फोटो मागायचा, ते देत नसतील तर ठाण्यासमोर स्वतःचा फोटो काढायचा. ही अट जीव गेला तरी चुकवायची नाही, कारण जामीन खरंच रद्द होते तो यामुळं. पण हुकमात जे नाही ते जमादाराच्या तोंडी सांगण्यानं अट होत नाही, आणि जामीन रद्द करणं कोर्टाच्या हाती आहे, ठाण्याच्या नाही.

तरी जमादाराशी भांडू नका, आवाज चढवू नका, उद्या शासकीय कामात अडथळ्याचा गुन्हा लागला तर नवीनच काम वाढते. भावानं एवढंच म्हणावं, "साहेब, तुम्ही मले हे लिहून द्या, मी वकिलाले दाखवून पाठवतो." लिहून कोणी देत नाही. आजपर्यंत जे मेसेज आले, जे लोकेशन पाठवलं, ते डिलीट करू नका, चॅट तशीच ठेवा, स्क्रीनशॉट काढा. त्या आठ आठ तासाच्या लोकेशनचे किती मेसेज आहेत ते मोजून तारखा वहीत लिहा.

एक गोष्ट मोठ्या भावासारखी विचारतो. भाऊ अजूनही रात्री घाटावर जाते का? रॉयल्टीशिवाय एक ब्रास पण उचलते का? जात असेल तर हे सगळे हक्क असूनही त्याचा फायदा होणार नाही, कारण तहसीलदाराला कोणत्याही डबीची गरज नाही, गाडी रेतीसकट सापडली की जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली किमतीच्या पाच पटीपर्यंत दंड आहे आणि गाडी पुन्हा जप्त, सुपुर्दनाम्याचा बाँड गेला तो वेगळाच. मला खरं सांगा, मी कोणाला सांगत नसतो, पण खोटं सांगितलं तर मी चुकीचा अर्ज लिहीन.

माझ्याकडं डबी घेऊन बायाही येतात, दोन आल्या होत्या, एकीच्या स्कुटीच्या सीटखाली निघाली. तिथं पोलिस नव्हते, घरचंच माणूस होतं. कोणा बाईचा असा पाठलाग होत असेल तर न्याय संहितेचं कलम ७८ पाहायचं आणि सरळ तक्रार द्यायची.

आता तुम्ही काय करायचं ते. साधा अर्ज लिहायचा, ठाणेदाराच्या नावानं, एक प्रत एसपी साहेबांना. त्यात आरोप करायचा नाही, पोलिसांनी लावली असं लिहायचंच नाही. लिहायचं असं, की अमुक तारखेला अमुक वॉशिंग सेंटरवर माझ्या अमुक नंबरच्या वाहनाखाली लोकेशन दाखवणारं यंत्र आढळलं, आयएमईआय नंबर अमुक, ते माझ्या परवानगीविना लावलेलं आहे, व्हिडिओ माझ्याजवळ आहे, सदर यंत्रातील सिम कोणाच्या नावे आहे याचा तपास व्हावा, यंत्र पंचासमक्ष पंचनामा करून ताब्यात घ्यावं आणि पंचनाम्याची प्रत मिळावी, आणि सदर यंत्र आपल्या विभागानं लावलं असल्यास कोणत्या कलमाखाली व कोणाच्या लेखी आदेशानं लावलं ते कळवावं. या अर्जाचं काय होते ते पाहा. ते म्हणाले आम्ही नाही लावली, तर मग दुसऱ्या कोणाचा तरी तपास त्यांना करावा लागते, आणि पुढं चार्जशीटमध्ये त्या डबीचा नकाशा आणायची सोय त्यांनी स्वतःच्या हातानं बंद केली. ते म्हणाले आम्ही लावली, तर कलम आणि हुकूम दाखवावा लागते, आणि ते घेऊन आपण नागपूरला फौजदारी रिट टाकू शकतो. काहीच उत्तर नाही आलं तरी तारखेचा शिक्का आपल्याजवळ राहते.

अर्जाची पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. घेत नसतील तर त्याच दिवशी पोस्टानं एसपी ऑफिसला पाठवा आणि पावती जपा. माहिती अधिकारात विचारलं तर ते कलम ८(१)(एच) दाखवून तपास सुरू आहे म्हणतील, म्हणून पहिला अर्ज हाच. वकिलाची फी जमत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा, कोर्टाच्या आवारातच ऑफिस असते, किंवा १५१०० ला फोन लावा, उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर वकील फुकट मिळते.

येताना जामिनाच्या हुकमाची नक्कल, सुपुर्दनामा, फायनान्सचा करार, जीपीएसची पावती आणि ज्या मोबाईलमध्ये व्हिडिओ आहे तो मूळ मोबाईल घेऊन या. व्हिडिओ व्हॉट्सअपवर पाठवून फोनमधला उडवू नका, मूळ फाईलच पाहिजे, तुमच्यालाही कलम ६३ चं सर्टिफिकेट लागेलच.